जुन्या फायबरग्लास स्पीडबोटीला नवं इंजिन बसवण्याआधी काय तपासावं?

तुम्ही विचारलंय की १९८० च्या दशकातली १८ फुटी फायबरग्लास स्पीडबोट मिळते आहे, बाहेरून चकाचक आहे, मागचं १५० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मात्र गेलेलं आहे. बोटीवरच्या पाटीवर कमाल १५० एचपी लिहिलंय, तरी त्याजागी नवं २०० चं फोर-स्ट्रोक बसवलं तर चालेल का?

इंजिनाचं नंतर बोलू. आधी ड्रिल हातात घ्या.

हे मी इतक्या ठामपणे सांगतोय कारण मी नेमकं उलट केलं होतं. माझी बोटही याच मापाची आणि याच काळातली, खोल व्ही तळाची. आधीच्या मालकाने सांगितलं, "ट्रान्सम पक्का आहे," रंग नवा होता, मी इंजिन आणून लटकवलं. तिसऱ्या फेरीनंतर इंजिनापुढच्या खोलगट भागाच्या कोपऱ्यांत, म्हणजे स्प्लॅशवेलमध्ये, गेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, केसासारख्या चिरा दिसल्या. खालचा एक बोल्ट काढला तर भोकातून तपकिरी पाणी ओघळलं. नवंकोरं इंजिन पुन्हा उतरवून लाकडी घोडीवर ठेवलं आणि ते तिथे चौदा महिने राहिलं.

ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. त्या काळातल्या बहुतेक बोटींत तिची रचना एकच: बाहेर फायबरग्लासचं कातडं, आत दुसरं कातडं आणि मध्ये प्लायवूड. फायबरग्लास कुजत नाही, प्लायवूड कुजतं. इंजिनाच्या बोल्टची भोकं, पाणी सोडायच्या बुचाचं भोक, मागे लावलेल्या सेन्सरचे स्क्रू, यांतल्या एकाचंही सीलंट सुकून सुटलं की पाणी लाकडात शिरतं आणि दोन्हीकडून बंद असल्यामुळे बाहेर येत नाही. चाळीस वर्षांत ते काय करतं हे बाहेरच्या चकाकीवरून कधीच कळणार नाही.

मडकं वाजवून बघतात तसा ट्रान्सम वाजवून बघा. स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घ्या आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे ठोकत जा. लाकूड धड असेल तिथे खणखणीत वाजतं, कुजलं असेल तिथे आवाज बद्द येतो. पण नुसत्या आवाजावर विसंबू नका. आतल्या बाजूने, जितकं खाली जाता येईल तितकं खाली, बुचाच्या आसपास आणि इंजिनाच्या खालच्या बोल्टांजवळ ६ मिमीची चार-पाच भोकं पाडा. बाहेरचं कातडं फुटू नये म्हणून ड्रिलच्या पात्याला खोलीची खूण म्हणून चिकटपट्टी गुंडाळा. भुसा फिका आणि कोरडा आला तर नशीब चांगलं. काळपट, ओला, कुबट वासाचा आला तर निर्णय झाला. भोकं नंतर इपॉक्सीने भरता येतात, तेव्हा विकणारा भोकं पाडू देत नसेल तर तेही एक उत्तरच समजा. मालकाच्या परवानगीने आणखी एक करा: इंजिन पूर्ण वर उचलून ठेवा, त्याच्या खालच्या टोकावर हळूहळू भार द्या आणि दुसऱ्या माणसाला ट्रान्समकडे बघायला सांगा. भिंत डोळ्यांना दिसेल इतकी लवली तर आत काही उरलेलं नाही.

तीच भोकं स्ट्रिंगरनाही पाडा. स्ट्रिंगर म्हणजे तळाला लांबीने जोडलेल्या, फायबरग्लासने मढवलेल्या तुळया. वेगाने जाताना लाटेचा प्रत्येक तडाखा त्याच झेलतात. फळीखाली फोम भरलेला असेल तर तोही कोरून बघा. पाण्याने भरलेला फोम काढल्यावर बोट किती हलकी होते हे कळलं की जुन्या मालकाच्या वेगाच्या तक्रारीचं कारणही कळतं.

आता एक तपासणी अशी, जी साध्या बोटीला फारशी लागत नाही, पण वेगाच्या बोटीला सगळ्यात महत्त्वाची आहे. तळाच्या मागच्या पाच-सहा फुटांना लांब सरळ पट्टी लावा, मधोमध आणि दोन्ही बाजूंना. त्या भागात तळ लांबीच्या दिशेने सरळ हवा. मागच्या टोकाला तो खाली वळलेला असेल तर त्याला हुक म्हणतात. तो बोटीचं नाक पाण्यात दाबतो आणि वेग खातो. उलटा वर वळलेला असेल तर नाक वर उडतं आणि बोट घोड्यासारखी उसळ्या घेत जाते. चुकीच्या आधारांवर वर्षानुवर्षं उभी राहिलेली बोट हळूहळू अशी वाकते. इंजिन कितीही मोठं घेतलंत तरी वाकलेला तळ सरळ होणार नाही.

ट्रान्सम बदलायचाच झाला तर काम आतल्या बाजूने करा. बाहेरचं कातडं तसंच ठेवा. बोटीचा आकार त्यानेच धरून ठेवलेला असतो. कापण्याआधी बोट खालून भरपूर ठिकाणी टेकवा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्या ताणून तिरपी मापं घ्या. दोन्ही मापं सारखी आहेत ना, हे प्रत्येक टप्प्यावर बघा. ट्रान्सम आणि स्ट्रिंगर एकाच वेळी उघडे करू नका. आधाराविना तळ अर्धा इंच जरी फाकला आणि त्याच स्थितीत तुम्ही नवा ट्रान्सम चिकटवलात तर तो वाकडेपणा कायमचा झाला.

रेझिनबद्दल माझं मत स्पष्ट आहे. कारखान्यात बोट बनते तेव्हा पॉलिएस्टर रेझिनचे थर ओल्यावर ओले चढतात, त्यामुळे ते एकजीव होतात. तुम्ही मात्र चाळीस वर्षं वाळलेल्या थरावर नवा थर चिकटवणार आहात. तिथे इपॉक्सीची पकड जास्त भरवशाची. महाग पडतं, पण हा जोड सुटला तर मागचं इंजिन सुटतं. मरीन प्लाय बीएस १०८८ मानकाचा घ्या. १८ मिमीचे दोन थर दीड इंचाच्या ट्रान्समला पुरतात, तुमचा जाड असेल तर त्याप्रमाणे. चिकटवण्यासाठी इपॉक्सीत सिलिकाची पूड घालून श्रीखंडाइतकं घट्ट करा, खाचांच्या थापीने पसरवा आणि क्लॅम्प बेताने आवळा. जोर लावून आवळलात तर सगळं इपॉक्सी बाहेर पिळून निघतं आणि सांधा कोरडा राहतो. कडांचे कोपरे गोलाई देऊन भरा, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, खाली हवा राहते. जुन्या कातड्याची कड घासून उतार द्यायचा तो जाडीच्या बारा पट: कातडं ४ मिमी असेल तर ४८ मिमी. हे अंतर बघून वाटतं की उगाच चांगलं फायबर घासून टाकतोय. टाका. जोडाची ताकद त्या रुंदीतच असते.

एक चूक बऱ्याच जणांकडून होते. इपॉक्सी वाळल्यावर त्यावर मेणचट पापुद्रा येऊ शकतो. तो नुसता घासला तर कागदाला चिकटून सगळीकडे पसरतो आणि पुढचा थर सुटतो. आधी साध्या पाण्याने खरखरीत स्पंजने धुवा, मगच घासा. आणि घासताना, कापताना चांगला मास्क हवाच हवा, तोंडाला बांधलेला रुमाल चालणार नाही. काचेची धूळ कातडीतून धुऊन जाते, फुप्फुसातून जात नाही.

ट्रान्सममधलं प्रत्येक भोक आधी गरजेपेक्षा मोठं पाडा, इपॉक्सीने भरा, आणि त्या इपॉक्सीत पुन्हा योग्य मापाचं भोक पाडा. मग बोल्टाचं सीलंट कधी सुटलं तरी पाण्याला लाकूड लागतच नाही. मूळ बोटीत एवढं केलं असतं तर तुम्हाला हा प्रश्न विचारायची वेळच आली नसती.

आता २०० एचपीचं. पाटीवर १५० आहे, तर १५० च घ्या. नियम आणि विमा हे एक कारण, पण मला दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. जुन्या इंजिनांची ताकद क्रँकशाफ्टवर, म्हणजे गिअरच्या आधीच, मोजून सांगायचे. १९८० च्या दशकात कंपन्या प्रोपेलरच्या शाफ्टवर मोजायला लागल्या, आणि गिअरमध्ये जाणारी ताकद त्या आकड्यातून आपोआप वजा झाली. तुमचं जुनं इंजिन जुन्या मोजणीचं असेल तर आजचं १५० त्याच्यापेक्षा खरोखर जास्त ढकलतं. तसं असेल तर एकही एचपी न वाढवता तुमची बोट पूर्वीपेक्षा जोरात जाईल.

वजनाचा हिशेब मात्र कागदावर मांडा. त्या काळातलं टू-स्ट्रोक व्ही-६ साधारण १८० किलोच्या आसपास. मर्क्युरी कंपनीचं आजचं ३ लिटरचं १५० फोर-स्ट्रोक २०६ किलो, आणि २०० एचपीसाठीचं, २०१८ मध्ये आलेलं ३.४ लिटरचं व्ही-६ २१५ किलो. म्हणजे कोणतंही घेतलंत तरी मागे पंचवीस ते पस्तीस किलो वाढणारच. त्यात इंजिन मागे सरकवणारी जॅक प्लेट लावायची म्हणाल तर तरफ वाढते: इंजिनाचा गुरुत्वमध्य ट्रान्समपासून एक फूट मागे असेल आणि प्लेट त्याला आणखी दहा इंच मागे नेत असेल, तर तेच वजन जवळजवळ दुप्पट जोराने ट्रान्समला ओढतं. टू-स्ट्रोकची ऑइलची टाकी निघाल्याने थोडं वजन घटेल, बॅटरी पुढे न्या. आणि पाण्यात सोडल्यावर पहिलं हे बघा की मागची पाणी निघायची भोकं पाण्याखाली तर गेली नाहीत ना.

जुनं इंजिन दुरुस्त करण्याचा विचारही सोडू नका. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. सगळे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असतील तर बिघाड कदाचित इंधन किंवा इग्निशनमध्येच आहे. हा तळ त्याच वजनाच्या इंजिनासाठी आखलेला होता, आणि नवं हलकं टू-स्ट्रोक आता मिळणं अवघड. २०२० मध्ये बीआरपी कंपनीने आपली एविनरूड आउटबोर्ड इंजिनं बनवणं बंद केलं.

जुनी इंधनाची टाकी आणि नळ्या न बघता बदला. स्टीअरिंगवर तर एक पैसाही वाचवू नका. एका केबलचं जुनं स्टीअरिंग ढिलं असतं. अशा व्ही तळाच्या बोटी वेगात तळाच्या अगदी अरुंद पट्ट्यावर धावतात आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलायला लागतात. चाकात बोटभर ढिलेपणा असेल तर तुम्ही चाक वळवून केलेली प्रत्येक सुधारणा उशिरा पोचते आणि डोलणं वाढत जातं. हायड्रॉलिक स्टीअरिंग लावा. बोट डोलायला लागली तर चाकाशी झटापट न करता थ्रॉटल हळूहळू कमी करा. इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधल्याशिवाय चावी फिरवू नका.

शेवटी प्रोपेलर. जुनाच लावून बघा, पण हिशेब ठेवा: आरपीएम गुणिले पिच (एका फेरीत प्रोपेलर किती इंच पुढे जायला हवा ते माप), आणि त्याला (गिअरचं गुणोत्तर गुणिले १०५६) ने भागा, म्हणजे घसरण (प्रोपेलर पाण्यात निसटून वाया जाणारा वेग) शून्य धरून ताशी मैल. समजा ५८०० आरपीएम, २३ पिच, १.८५ गुणोत्तर, उत्तर ६८ च्या थोडं वर. जीपीएसवर ६० दिसले तर घसरण १२ टक्के, ठीक आहे. २० च्या वर असेल तर प्रोपेलर चुकीचा आहे किंवा इंजिन फार वर बसलंय. इंजिन पूर्ण थ्रॉटलला कंपनीने दिलेल्या आरपीएमच्या वरच्या टोकाजवळ पोचलं पाहिजे. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. इंजिनाची उंची अर्ध्या-अर्ध्या इंचाने वाढवा आणि दर वेळी इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या दाबाचा काटा बघा. दाब पडायला लागला की एक पायरी खाली या.

भोकं पाडलीत की भुशाचा फोटो इथे टाका. कोणत्या भोकातून कोणता निघाला तेही लिहा, मग कुठपर्यंत कापावं लागेल ते सांगतो.