रात्री दोन-अडीचपर्यंत झोप लागत नाही. वेळ रुळावर कशी आणू?

झोपायची नव्हे, उठायची वेळ आधी पक्की करा. सध्या सकाळी 10 ला उठत असाल तर आज रात्री 10 ला अंथरुणात शिरून फक्त कूस बदलत राहाल. गजर 9:30 चा लावा आणि दर दोन-तीन दिवसांनी 15-20 मिनिटं अलीकडे आणा. रविवारीही तोच गजर! बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं: सुट्टीला 11 पर्यंत लोळायचं, की सोमवारी पुन्हा पाढे पंचावन्न.

उठल्या उठल्या अर्धा तास गच्चीत किंवा बाल्कनीत उजेडात थांबा. शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं ते या उजेडाने. रात्रीचा झगझगीत उजेड ते उलट लांबवतो.

पाच-सहा तासांनंतरही निम्मं कॅफीन अंगात असतं, त्यामुळे संध्याकाळचा चहा बंद. डुलकी फार तर 20 मिनिटं, तीही 3 च्या आत.

साधारण 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर सरळ उठा. मंद दिव्यात कपड्यांच्या घड्या घाला, डोळे जड झाले की परत या. मोबाईल नको, घड्याळ तर मुळीच बघू नका.

जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असेल तर हे उपाय पुरणार नाहीत, डॉक्टरांना दाखवा.