तिसऱ्या दिवशी वाढलेला आकडा माशांचा नसावा

रोहूच्या त्याच बोटुकल्या (बोटाएवढी पिल्ले), तीच बंद बरणी आणि तेच तापमान असूनही प्राणवायूचा वापर तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जास्त येतो, हे आपले लिहिणे वाचून मला कोल्हापुरातला माझ्या प्रबंधाचा उन्हाळा आठवला. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवणे, झाकण लावताना बुडबुडा राहू न देणे, ही काळजी आपण घेत असालच.

मी तुलनेसाठी बिनमाशांची बरणी कधी ठेवलीच नव्हती. पाणी तिथल्या कळंब्याच्या तलावाचे, न गाळलेले. आणि बरणी रोज नुसती विसळलेली. एके संध्याकाळी ती धुताना आतून बोट फिरवले, तेव्हा काचेला बुळबुळीत थर लागला. तो थर जिवाणूंचा होता, दिवसागणिक वाढत होता, आणि तोही श्वास घेत होता. दुसऱ्या दिवशी मासे काढून त्याच बरणीत ताजे पाणी भरून तासभर ठेवले, तर प्राणवायूत लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम घट आली. माशांसह ती १.२ येत असे. म्हणजे चौथा हिस्सा माशांचा नव्हताच. त्याआधी ज्या कार्यालयात मी शंका घेऊन गेलो होतो, तेथून तीन आठवड्यांनी 'मासे बदलून पाहावेत' एवढाच शेरा मिळाला. मी ते बदललेही, आणि आणखी पंधरवडा वाया घालवला.

म्हणून माझे मत असे, की शेजारी वेगळी कोरी बरणी ठेवण्यापेक्षा त्याच बरणीचे मासे सोडण्यापूर्वी आणि काढल्यानंतर बिनमाशांचे मापन करावे, कारण थर त्या त्या बरणीचा असतो. लहान माशांचे एकूण वजन पाण्याच्या मानाने फार थोडे, त्यामुळे ही चूक त्यांच्या बाबतीत अधिक भोवते. अर्थात मी आपली मांडणी पाहिलेली नाही; नुकत्याच हाताळलेल्या माशांचा वापरही वाढतो, पण तो सहसा पहिल्या काही तासांत ओसरतो, तीन दिवस चढत जात नाही.

जाता जाता, प्राणवायू मोजायला मीटर वापरत असाल तर उंचीची दुरुस्ती तपासावी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे २५ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात समुद्रसपाटीवरच्या ८.३ ऐवजी लिटरमागे ७.७ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. विंकलरच्या टायट्रेशनला, म्हणजे प्राणवायू रसायनांनी मोजण्याच्या पद्धतीला, ही अडचण नाही. तेथे मोजणीचे थायोसल्फेटचे द्रावण मात्र ताजे प्रमाणित केलेले हवे.

जुन्या नोंदींतून अंदाजाने काही वजा करण्याचा मोह होईल. मी तसे केले होते, आणि परीक्षकांनी पहिला प्रश्न तोच विचारला.