उंचवट्यापलीकडचा चेंडू : गोल्फविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. टीवरून, म्हणजे सुरुवातीचा फटका जिथून मारतात त्या जागेवरून, चेंडू पडण्याची जागा दिसत नसेल, तर फटका केव्हा आणि कसा मारावा, हा तो विषय. गोल्फमध्ये अशा फटक्याला ‘ब्लाइंड शॉट’ म्हणतात. पत्रलेखकांची व मैदानांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी गोल्फ खेळू लागलो. आमच्या मैदानावरील ३५० यार्डांच्या एका होलवर (टीपासून खळग्यापर्यंतच्या पट्ट्यावर) टीपासून सुमारे १०० यार्डांवर जांभ्याचा उंचवटा आहे आणि त्यापलीकडचे काहीच दिसत नाही. पुढचा गट दिसेनासा झाला की दोन मिनिटे थांबून मारायचे, असा आमच्यातला रिवाज आहे. गेल्या महिन्यात माझा चेंडू पुढच्या दोघांच्या मधोमध पडला. चूक माझी की रिवाजाची?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : रिवाजाची, पण तो आपण तपासून पाहिला नाही, एवढी आपलीही. हिशेब मांडून पाहा. आपला टी-शॉट साधारण २०० यार्ड जातो असे धरू. पुढच्या गटाचे चेंडूही त्याच सुमारास पडलेले असणार. उंचवट्यापासून तिथवरचे १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर, ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीने सव्वा मिनिटात संपतात. मग चौघे जण आपापल्या चेंडूपाशी उभे राहून दुसरा फटका मारणार. नियमपुस्तक एका फटक्यासाठी ४० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेऊ नये असे सुचवते. म्हणजे चौघांची मिळून दोन मिनिटे चाळीस सेकंद झाली. याचा अर्थ दिसेनासे झाल्यापासून सव्वा मिनिट ते जवळजवळ चार मिनिटे ही माणसे नेमकी आपला चेंडू पडेल तिथेच असतात, आणि आपला दोन मिनिटांचा रिवाज बरोबर त्याच अवधीत येतो. त्यातून एखाद्याचा चेंडू घाणेरीच्या झुडपात गेला, तर शोधासाठी नियमाने तीन मिनिटे मिळतात. तेव्हा घड्याळ सोडून द्यावे. दोनाची पाच मिनिटे केली, तरी तो अंदाजच राहतो.

यावर सर्वांत साधा उपाय म्हणजे आपल्यापैकी एकाने किंवा कॅडीने, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने, उंचवट्यावर जाऊन प्रत्यक्ष पाहणे. पुढचा गट ‘टप्प्याबाहेर’ गेला की नाही, हे पाहताना नेहमीचा नव्हे, तर आपला सर्वांत लांब गेलेला फटका मनात धरावा. एप्रिल-मे महिन्यांत जमीन तापून टणक होते आणि उंचवट्यापलीकडे उतार असेल, तर चेंडू पडल्यावरही बराच घरंगळत जातो. जांभ्याच्या उघड्या कातळावर आपटलेला चेंडू कोणत्या दिशेला उसळेल, हे तर मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून फक्त मधला पट्टा मोकळा दिसला, एवढ्यावर समाधान मानू नये. दोन्ही कडांना चेंडू शोधणारे, गवत कापणारे किंवा पाण्याच्या नळ्या हलवणारे कोणी आहे का, हेही पाहावे.

खुणा आधी ठरवून घ्याव्यात. दोन्ही हात सरळ वर म्हणजे मोकळे आहे. एक हात आडवा म्हणजे थांबा. आणि खूण नीट कळली नाही, तर ती ‘थांबा’चीच समजावी. खूण केल्यावर पाहणाऱ्याने उंचवट्यावर रेंगाळू नये. त्याने बाजूला, शक्यतो एखाद्या जाड बुंध्यामागे जावे आणि तो तिथे पोहोचल्याचे दिसल्यावरच मारणाऱ्याने चेंडूसमोर उभे राहावे. नवख्याचा चेंडू दांड्याच्या मुळाशी लागून काटकोनातही सुटतो, हे आपण सर्वांनी कधी ना कधी पाहिले आहे. गोल्फच्या चेंडूचे वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम असते खरे, पण चांगला बसलेला फटका ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगाने निघतो.

जुन्या मैदानांनी या अडचणीवर आपापले मार्ग शोधले आहेत. १८६० मध्ये ‘ओपन’ ही गोल्फची मानाची स्पर्धा जिथे पहिल्यांदा झाली, त्या स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे पुढचा गट बाजूला झाला की घंटा वाजवतो आणि मगच मागचे खेळतात. आयर्लंडमधील लाहिंच येथे ‘क्लोंडाइक’ नावाच्या होलवर वाळूच्या टेकडीवर एक माणूसच निशाण घेऊन असतो. स्कॉटलंडमधील एली येथे तर पहिल्या टीशेजारी पाणबुडीचा पेरिस्कोप उभारला आहे, त्यातून टेकडीपलीकडचे पाहून खेळाडूंना सोडले जाते. आपल्या क्लबला पेरिस्कोप परवडणार नाही. पण गोव्यात पितळी घंटा आणि ती टांगणारा माणूस शोधायला फार लांब जावे लागू नये. तिचा दोष एवढाच की, पुढचे लोक वाजवायला विसरतात. घंटा ऐकू आली नाही, तर पुन्हा उंचवट्यावर जाऊन पाहणे आलेच.

प्रश्न : चेंडू भरकटला की समोरच्यांना सावध करण्यासाठी ‘फोर’ असे ओरडतात. पण न दिसणाऱ्या फटक्याच्या आधीच खबरदारी म्हणून ओरडले तर चालेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आधी ओरडल्याने समोर कोणी आहे की नाही, हे कळत नाही, म्हणून पाहण्याऐवजी ओरडणे चालणार नाही. चेंडू सुटल्यावर मात्र जराही शंका आली, तर तो कुठे पडतो हे न पाहता तत्काळ आणि पोटातून ओरडावे. सर्वसाधारण टी-शॉट पाच-एक सेकंद हवेत असतो, तर आवाज २०० यार्ड जायला अर्ध्या सेकंदाहून थोडाच अधिक वेळ घेतो. सुरुवातीलाच हाक गेली, तर समोरच्याला चारेक सेकंद मिळतात, आणि डोके झाकायला ती पुरतात. मारणाऱ्याचा आवाज संकोचाने बसतो, असा माझा अनुभव आहे. तेव्हा गटातील सर्वांनीच ओरडावे. आपल्या किनाऱ्यालगतच्या मैदानांवर दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. पश्चिमेकडे तोंड असलेल्या टीवर हाक उलट आपल्याकडेच ढकलली जाते. तिथे आवाजाबरोबर हातानेही दिशा दाखवावी.

दुसरी अडचण शब्दाचीच आहे. मैदानावर गवत काढणाऱ्या एका बाईंनी ‘फोर’ ऐकताच कंबर सरळ करून, चौकार कुठे गेला अशा भावनेने वर पाहिलेले मी स्वतः पाहिले आहे. चेंडू त्यांच्यापासून चार हातांवर पडला. क्रिकेटवर वाढलेल्या मुलखात दुसरे काय होणार? या हाकेचा अर्थ, आणि ती ऐकल्यावर वर न पाहता पाठ फिरवून, खाली वाकून दोन्ही हातांनी डोके झाकायचे असते, हे प्रत्येक कामगाराला पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष करून दाखवले पाहिजे. गवत कापण्याचे यंत्र चालवणाऱ्याला मात्र हाक ऐकूच येत नाही. तो वर पाहून हात करीपर्यंत थांबणे, हाच मार्ग आहे.

प्रश्न : मी कॅडी आहे. पुढे माणसे आहेत असे सांगूनही काही साहेब घाईत मारतात. माझ्या शब्दाला किंमत नसेल, तर मी काय करावे?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : उंचवट्यावर आपण उभे आहात, साहेब नाहीत; पलीकडचे फक्त आपल्याला दिसते आणि म्हणून तिथे आपला शब्द शेवटचा असला पाहिजे. ‘जरा थांबा’ असे अदबीने म्हणण्यापेक्षा हात आडवा धरून ‘नाही, माणसे आहेत’ असे स्पष्ट सांगावे. मारण्याचा निर्णय खेळाडूचा असतो आणि त्याची जबाबदारीही त्याचीच. तरीही कोणी मारलेच, तर पुढच्यांना लगेच हाक द्यावी आणि ती फेरी संपताच कॅडीमास्टरला (कॅडींच्या प्रमुखाला) सांगावे. यात चहाडी नाही. क्लबच्या समितीनेही हे आपल्याच हिताचे समजावे. स्कॉटलंडमधील एका मैदानावर दुसऱ्याच्या चेंडूने एका खेळाडूचा डोळा गेला, तेव्हा अपिलात न्यायालयाने २०१३ मध्ये भरपाईचा ८० टक्के भार क्लबवर आणि २० टक्के मारणाऱ्यावर टाकला. धोक्याच्या जागी सूचनाफलक नसणे क्लबला भोवले. तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण एका फलकाचा खर्च किती असतो, हे समितीला ठाऊक असेलच.

प्रश्न : दिशा कळावी म्हणून उंचवट्यावर कोणाला उभे केले किंवा पिशवी ठेवली, तर नियमभंग होतो का? आणि पलीकडे चेंडू सापडलाच नाही तर?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : माणूस उभा करून दिशा पाहता येते, मात्र फटक्यापूर्वी त्याने तिथून हटले पाहिजे. पिशवी, टॉवेल किंवा अन्य वस्तू दिशेसाठी ठेवता येत नाही. ती नंतर उचलली, तरी दंड टळत नाही. क्लबने रोवलेला पांढरा खांब चालतो, फक्त पावसाळ्यात त्याच्याभोवतीचे गवत कापलेले असावे. चेंडू हरवण्याची शंका असेल, तर ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता चेंडू) असे स्पष्ट सांगून टीवरूनच दुसरा चेंडू मारावा. तसे केल्याने पुन्हा टीकडे परतावे लागत नाही, आणि मागचा गट मारण्याच्या तयारीत असताना त्यांच्या दिशेने उंचवटा ओलांडून येण्याची वेळही येत नाही. या दुसऱ्या चेंडूआधीही पलीकडे पाहून घ्यावे. पहिल्या वेळी मोकळा असलेला फेअरवे (गवत कापलेला मधला पट्टा) एवढ्यात मोकळाच राहिला असेल, असे नाही.