तानपुरा मध्येच गप्प का होतो?

प्रश्न : मी चिपळूणला गाण्याचे वर्ग घेते. अकरा वर्षं जुना लॅपटॉप आहे, रियाजाला त्यावर तानपुरा लावते. दहा-पंधरा मिनिटं नीट वाजतो आणि मध्येच गप्प होतो. उजव्या कडेला थापटलं की कधी कधी परत येतो. आवाज पूर्ण वाढवलेलाच असतो, पण स्पीकरच्या चित्राच्या जागी हेडफोनचं चित्र दिसतं, हेडफोन लावलेला नसतानाही. पावसाळ्यात त्रास जास्त. दुकानदार म्हणाले, मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. घ्यावाच लागेल का?

उत्तर : ताई, इतक्यात घेऊ नका. हेडफोनच्या चित्राची ओळ तुम्ही लिहिलीत, तिनेच अर्धं काम केलं. स्पीकर बिघडला असता तर ते चित्र बदललं नसतं. तुमच्या लॅपटॉपला हेडफोन लावल्याचा भास होतोय, म्हणून तो स्पीकर बंद करतो.

हेडफोनच्या भोकात, म्हणजे जॅकमध्ये, एक बारीक स्प्रिंगची पट्टी असते. पिन आत गेली की ती हलते आणि लॅपटॉपला निरोप जातो. तिच्यावर धूळ बसली, दमट हवेने गंज धरला किंवा तिचा ताण गेला, की हा निरोप उगाचच जातो. कोकणातल्या पावसाळ्यात हे वाढणारच.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. हेडफोनची पिन पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करा. एवढ्याने सुटलं नाही तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, दुकानदार त्याला आयपीए म्हणतात. पिनेला त्याचा हलका ओलावा लावून पुन्हा तेच करा आणि अर्धा तास सुकू द्या. सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. शिलाई मशीनचं तेल नको. टाचणी तर अजिबात घालू नका, पट्टी एकदा वाकली की सरळ होत नाही.

आणि थापटणं आजपासून बंद. इतक्या जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्डडिस्क असते. धक्का बसला तर आवाजापायी तुमची सगळी रेकॉर्डिंग जातील. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून तो डुगडुगतो का, टचपॅड वर आलाय का, तेही बघा. तसं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. मग तो वापरूच नका, आधी बॅटरी बदला.

साफ केल्यावर परीक्षा मात्र नीट घ्या. येऊन-जाऊन असणारा बिघाड दुकानात कधीच दिसत नाही. मी स्वतः एका गिऱ्हाइकाचे स्पीकर बदलून दिले, दहा मिनिटं वाजवून पाहिले आणि लॅपटॉप परत केला. चौथ्या दिवशी ते पुन्हा दारात. दोष जॅकचाच होता आणि मी पुरेसा वेळ ऐकलंच नव्हतं. तुमच्याकडे तर तानपुरा आहे. तो अखंड वाजतो, त्यामुळे आवाज गेल्याचा क्षण निसटत नाही. पंधरा मिनिटांत जाणारा आवाज दोन तास टिकला, तरच दुरुस्त झालं म्हणा.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झालं तर जॅक बदलायला सांगा. काही लॅपटॉपमध्ये तो वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, तो बोर्डच बदलतात. मदरबोर्डावर असेल तर जुना उतरवून नवा सोल्डर करावा लागतो. बारीक काम करणारा कारागीर ते करतो. तोवर वर्ग अडू नयेत म्हणून यूएसबीचं छोटं साउंड कार्ड घ्या आणि बाहेरचा स्पीकर त्याला जोडा. त्यात हा जॅक मध्ये येतच नाही.

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर काहीही लावलं की पहिला शब्द गिळला जातो, पुढे सगळं ठीक. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : वीज वाचवण्यासाठी आवाजाची चिप काही सेकंद शांतता झाली की झोपते आणि जागी होईपर्यंत पहिला शब्द निघून जातो. स्क्रीनवरच्या दुसऱ्या खिडकीत अगदी हळू आवाजात काहीतरी चालू ठेवून पाहा. पहिला शब्द नीट ऐकू आला तर हेच कारण. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा तपासा. फक्त बॅटरीवर असं होत असेल तर पॉवर सेव्हिंगची सेटिंग सैल करा. स्पीकर उघडू नका, ते चांगले आहेत.