कर्नाटकातल्या खानापूरच्या जंगलपट्ट्यात डॉक्टर म्हणून जायचंय, काय तयारी लागते?

कणकुंबी-जांबोटी भागात काम केलंय, त्यावरून सांगते. आधी सर्पदंश शिका. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं. सुरुवातीला साधारण १० बाटल्या, आणि लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस. नवखे डॉक्टर घाबरून इथेच तो कमी करतात. तसं करू नका.

पावसाळ्यात ओढे भरले की भीमगडच्या जंगलातल्या गावांची वाट बंद होते, पेशंटला खांद्यावरून आणतात. म्हणून दिवस भरत आलेल्या बाईला आधीच खानापूर-बेळगावकडच्या नातेवाइकांकडे हलवा. त्यासाठी सासूबाईंना पटवा, नवऱ्याला सांगून भागत नाही.

लोक मराठी-कोंकणी बोलतात, सरकारी कागद कन्नडमध्ये. कन्नड वाचता यायलाच हवं.