कीबोर्ड दिसला की रडते: आवडच नाही म्हणायचं का?

"क्लास लावून तीन महिने झाले. पहिले पंधरा दिवस उड्या मारत गेली. आता कीबोर्डवरचं कापड काढलं तरी रडायला लागते. आवडच नाही म्हणायचं का? बंद करावं काय, मॅडम?" जुळे सोलापुरातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगी साडेपाच वर्षांची, वाजवायचा कीबोर्ड शिकणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) असा प्रश्न घेऊन येणारे पालक पुष्कळ, आणि बहुतेकांनी निकाल घरूनच लावून आणलेला असतो: एक तर आवड नाही, नाहीतर शिस्त नाही.

चौकशी टेबलापासून सुरू केली. कीबोर्ड 61 पट्ट्यांचा, जेवणाच्या टेबलावर ठेवलेला. टेबल साधारण 30 इंच उंच, त्यावर कीबोर्डची जाडी तीन-साडेतीन इंच. खुर्ची 18 इंचांची. या वयाचं मूल बसलं की त्याचं कोपर बैठकीपासून सहा-सात इंच वर येतं, म्हणजे जमिनीपासून 24-25 इंचांवर. पट्ट्या मात्र 33 इंचांवर! मग खांदे उचलायचे, हात वर ताणायचे आणि पाय अधांतरी. दहा मिनिटांत मान भरून येते. साडेपाच वर्षांचं मूल "खांदे दुखतात" असं सांगत नाही, "मला नको" म्हणतं.

सरावाची वेळ रात्री साडेआठची, शाळा आणि गृहपाठ आटोपल्यावर, सलग अर्धा तास. आई वही घेऊन शेजारी. बोट चुकलं की तिथेच थांबवून "परत पहिल्यापासून". क्लासमध्ये तिसऱ्या महिन्यातच पुस्तकातले स्वर वाचणं, बोटांचे आकडे आणि दोन्ही हात एकत्र, असं तिन्ही सुरू झालेलं. वर डिसेंबरच्या गॅदरिंगचं गाणं.

आणि याच घरात आजोबांची पेटी आहे. गुरुवारी भजन असतं, तेव्हा ही मुलगी आपणहून झांज घेऊन बसते आणि केरवा तालात ठेका न सोडता पूर्ण अभंग काढते. हे आईने सहज, उठता उठता सांगितलं. खरं तर सगळ्यात महत्त्वाची माहिती हीच होती. लय पकडता येते आणि गाण्यात बसायला आवडतं म्हटल्यावर आवडीचा प्रश्न तिथेच मिटला.

पहिला बदल बैठकीचा. उंची कमी-जास्त करता येणारा, फुलीच्या पायांचा एक्स-स्टँड घेतला आणि सगळ्यात खालच्या खाचेत लावला. उरलेली उंची खुर्चीवर घट्ट घडी घातलेल्या दोन चादरींनी भरून काढली. सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा! कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल इतकंच उंच बसवायचं. पायांखाली पाट, तळवे पूर्ण टेकलेले. नखं कापलेली. कीबोर्डवर आवाज पियानोचाच, 'टच' (जोरात दाबलं की मोठा, हलकं दाबलं की लहान आवाज) चालू आणि तयार ठेका बंद. ठेका चालू असला की मूल वाजवायचं सोडून बटणं दाबत बसतं.

दुसरा बदल वेळेचा. शाळेआधी सात मिनिटं, संध्याकाळी सात मिनिटं. ती रंगात असतानाच थांबायचं. कंटाळल्यावर थांबवलं तर दुसऱ्या दिवशी तोच कंटाळा आधी आठवतो.

पहिले दोन आठवडे पुस्तक बंद. काळ्या पट्ट्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या जोड्यांत असतात. 61 पट्ट्यांवर दोनच्या पाच जोड्या आणि तीनच्या पाच. त्या आधी बघून शोधायच्या, मग डोळे मिटून चाचपून. दोनच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे 'सी', पेटीवाल्यांची पांढरी एक. हे हाताला कळलं की प्रत्येक पट्टीवर स्टिकर लावावा लागत नाही. स्टिकर लावले तर मूल स्टिकरच वाचतं आणि ते निघाले की अडतं.

बोटांत सुरुवात मधल्या बोटाने, म्हणजे तीन नंबरने. अंगठा आडवा पडतो आणि करंगळी कमजोर असते, म्हणून आधी दोन-तीन-चार, मग बाकीची. बोटाचं टोकाचं पेर आत मोडतं म्हणून आई ओरडत होती. या वयात सांधे सैल असतात, तसं होणारच; आठवण करून द्यावी, हात धरून वळवू नये. हात आधी वेगवेगळे. एकत्र करताना डाव्या हाताने एकच स्वर धरून ठेवायचा आणि उजव्याने चाल वाजवायची.

आजोबांना एक विनंती केली. ते काळी एकमध्ये, म्हणजे पांढरी एकच्या लगेच वरच्या काळ्या पट्टीच्या सुरात गातात, कीबोर्डचे धडे पांढरी एकमधून. सगळ्या पट्ट्यांचा सूर एकदम वर-खाली करणारं ट्रान्सपोज बटण दाबून मेळ बसवता येतो, पण मग पट्टी एक आणि आवाज दुसरा असं होऊन मुलाचा कान गोंधळतो. त्यापेक्षा नातीबरोबर गाताना आजोबांनीच अर्धा स्वर खाली यावं. ते आनंदाने आले.

आईचं काम सगळ्यात अवघड. एका बैठकीत एकच दुरुस्ती सांगायची, तीही पूर्ण ओळ वाजवून झाल्यावर. दुसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "जीभ चावून बसावं लागतंय हो."

दीड महिन्याने रडणं थांबलं होतं. गॅदरिंगमधलं तिचं गाणं रद्द करून घेतलं. दोन्ही हात एकत्र वाजवणं पुढे ढकलायला क्लासच्या शिक्षिका आधी राजी नव्हत्या, वर्गातली बाकीची मुलं पुढे जातात हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. शेवटी पुढच्या बॅचमध्ये बसवायचं ठरलं. हे सगळं करून सहा-आठ आठवड्यांनीही मूल रडत असेल, तर खुशाल थांबवावं. गाणं आणि टाळ्यांचे ठेके चालू ठेवून सात-आठ वर्षांचं झाल्यावर पुन्हा सुरू केलं, तरी फारसं काही हातचं जात नाही. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांत पहिल्या ग्रेडच्याही आधी इनिशियल ग्रेड असते, पण या मुलीसाठी सध्या तीही नको.

वडिलांना खरा पियानो घ्यायचा होता, म्हणजे मुलगी मनावर घेईल. लाकडी पियानोचा साउंडबोर्ड हवेतल्या ओलाव्यावर फुगतो-आकसतो. इथला कोरडा उन्हाळा आणि मागून पावसाळा, म्हणजे सूर सारखा हलणार आणि ट्यूनिंगचा खर्च मागे लागणार. दोन्ही हात नीट चालू लागले आणि जोर कमी-जास्त करण्यासाठी साधी पट्टी अपुरी वाटू लागली, की दाबायला खऱ्या पियानोसारख्या जड अशा 88 पट्ट्यांचा डिजिटल पियानो बघावा. तोवर बसण्यासाठी उंची बदलणारा बाक घ्या, असं त्यांना सांगितलं; चादरींची घडी रोज सुटते आणि मग पुन्हा खांदे वर येतात.