अमेरिकेच्या सिनेटमधला (संसदेचं वरचं सभागृह) फिलिबस्टर, म्हणजे चर्चा लांबवून विधेयक अडवून धरण्याची पद्धत, बंद करावी का?

माझ्या मते करावीच. १०० सिनेटर, विधेयकाला साधं बहुमत पुरतं, पण चर्चा थांबवून मतदानापर्यंत यायलाच ६० मतं लागतात, म्हणजे ४१ जण अडून बसले की विषय संपला, आणि हल्ली तर त्यासाठी उभं राहून बोलावंही लागत नाही. १९५७ ला सिनेटर स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलला, निदान कोण अडवतंय ते लोकांना दिसलं तरी. उद्या समोरचे सत्तेत आले तर काय, ही भीती खरी आहे, २०१३ ला डेमोक्रॅट्सनी बहुतेक नेमणुकांसाठी ही अट काढली आणि २०१७ ला रिपब्लिकन्सनी सुप्रीम कोर्टासाठीही काढून टाकली. पण बजेटची विधेयकं रिकन्सिलिएशन नावाच्या खास प्रक्रियेतून साध्या बहुमतावर पास होतातच ना, मग मतदान हक्काच्या कायद्यालाच ६० चा अडसर कशाला?